घरच्या सीसीटीव्ही संगणकासाठी प्रोसेसर निवडताना: कॅमेऱ्यापासून सुरू होणारा हिशेब

नागपूरच्या सीताबर्डीतील दुकानांत घरच्या कॅमेऱ्यांसाठी संगणक बांधून घ्यायला येणारा ग्राहक बहुधा पहिला प्रश्न प्रोसेसरचाच विचारतो, आणि दुकानदारही त्याला बजेट विचारून त्यात बसणारा सर्वांत मोठा प्रोसेसर सुचवतो. हिशेब उलटा होतो तो इथेच. किती कॅमेरे आहेत, ते कोणत्या रेझोल्यूशनचे आहेत, रेकॉर्डिंग कोणते सॉफ्टवेअर करणार आहे आणि ते चित्राचे नेमके काय करणार आहे, हे ठरण्याआधी निवडलेला प्रोसेसर योग्य निघाला तर तो योगायोग समजावा. सहसा होते ते असे, की सहा कॅमेऱ्यांसाठी गेमिंगचा संगणक घरी येतो आणि दिवसरात्र वीज खात बसतो. किंवा कागदावर दमदार दिसणारा, पण अंगभूत ग्राफिक्स (प्रोसेसरमध्येच असलेला, चित्र हाताळणारा भाग) नसलेला प्रोसेसर येतो आणि चार कॅमेरे जोडताच धापा टाकू लागतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. फक्त रेकॉर्डिंग करून ठेवायचे आणि काही घडलेच तर मागे जाऊन पाहायचे, एवढीच गरज असेल, तर स्वतंत्र संगणक बांधू नये. तयार एनव्हीआर (कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग करणारा स्वतंत्र डबा) घ्यावा, तो स्वस्त पडतो आणि वीजही कमी खातो. माणूस, वाहन आणि कुत्रा यांत फरक करणारी सूचना हवी असेल, वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे एकत्र चालवायचे असतील किंवा साठवण आपल्या हातात ठेवायची असेल, तरच पुढील टप्पे उपयोगाचे आहेत. ते दिलेल्या क्रमानेच करावेत.

टप्पा १ : कॅमेऱ्यांची लेखी यादी

प्रत्येक कॅमेऱ्यापुढे चार गोष्टी लिहाव्यात: रेझोल्यूशन, सेकंदाला किती फ्रेम, कोणता कोडेक (चित्र कॉम्प्रेस करण्याची पद्धत, जसे एच.२६४ किंवा एच.२६५) आणि सब स्ट्रीम (लहान आकाराचा दुसरा प्रवाह) कोणत्या आकाराची मिळते. पहिल्या तीन गोष्टी बहुतेकांना ठाऊक असतात. चौथी कोणी विचारतच नाही, आणि प्रोसेसरचा आकार मुख्यतः तिच्यावरच ठरतो.

जवळपास प्रत्येक आयपी कॅमेरा एकाच वेळी दोन प्रवाह पाठवू शकतो. मेन स्ट्रीम पूर्ण रेझोल्यूशनची असते. सब स्ट्रीम ६४० × ४८० किंवा ७०४ × ५७६ अशा लहान आकाराची असते. रेकॉर्डिंग मेन स्ट्रीमचे करायचे आणि हालचाल शोधण्याचे काम सब स्ट्रीमवर सोपवायचे, ही या सगळ्या मांडणीची गुरुकिल्ली आहे.

फ्रेमचा आकडा २५ वर ठेवण्याचा मोह टाळावा. फाटक, पार्किंग, जिना आणि गच्ची यांसाठी सेकंदाला १५ फ्रेम पुरेशा असतात. रस्त्यावरून वेगाने जाणाऱ्या वाहनाचा क्रमांक टिपायचा असला, तरी तिथे महत्त्व फ्रेमच्या संख्येपेक्षा शटरच्या वेगाला आहे.

तपासणी : कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन सब स्ट्रीम सुरू आहे का, हे प्रत्यक्ष पाहावे. काही कॅमेऱ्यांत ती बंद अवस्थेत येते. त्याच पानावर आय-फ्रेम इंटरव्हल फ्रेमच्या संख्येइतका ठेवावा, म्हणजे १५ फ्रेम असतील तर १५. यामुळे दर सेकंदाला एक पूर्ण चित्र येते.

सावधान : एच.२६५+ किंवा तत्सम नावांचे 'स्मार्ट' कोडेक साठवण वाचवतात, पण त्यासाठी दोन पूर्ण चित्रांमधले अंतर स्वतःच्या मर्जीने लांबवतात. त्याच कंपनीच्या एनव्हीआरवर ते नीट चालतात; इतर सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंग उशिरा सुरू होणे, चित्र अडकणे असे प्रकार घडतात, आणि मग दोष विनाकारण प्रोसेसरला दिला जातो. संगणकावर रेकॉर्डिंग करायचे असल्यास साधा एच.२६४ किंवा साधा एच.२६५ निवडावा.

टप्पा २ : सॉफ्टवेअर आधी, यंत्र नंतर

ब्लू आयरिस फक्त विंडोजवर चालते. फ्रिगेट हे लिनक्सवर, डॉकरमध्ये (सॉफ्टवेअर वेगळ्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये चालवणाऱ्या साधनात) चालवायचे सॉफ्टवेअर असून वस्तू ओळखणे हेच त्याचे मुख्य काम आहे. एजंट डीव्हीआर दोन्हीकडे चालते. झोनमाइंडर लिनक्सवरचे जुने आणि भरवशाचे आहे. यांतील कोणते सर्वांत चांगले, या वादात पडण्याचे कारण नाही. निवडलेले सॉफ्टवेअर डिकोडिंगसाठी, म्हणजे कॉम्प्रेस केलेले चित्र उलगडण्यासाठी, कोणते हार्डवेअर वापरू शकते, एवढेच त्याच्या अधिकृत कागदपत्रांत वाचून घ्यावे.

विंडोज लागणार असेल, तर इथेच एक मर्यादा पक्की होते. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी अधिकृतपणे लागते. म्हणजे जुन्या बाजारातला सहाव्या किंवा सातव्या पिढीचा स्वस्त आय५ लिनक्ससाठी विचारात घेता येईल, विंडोजसाठी नाही. चोवीस तास नेटवर्कवर असणाऱ्या यंत्रावर सुरक्षा-अद्यतने न मिळणारी प्रणाली चालवणे मी तरी कोणाला सुचवणार नाही.

टप्पा ३ : भाराचा हिशेब

इथे घाई करू नये. बाकीचे सगळे याच आकड्यांवर उभे राहते.

कॅमेरा चित्र कॉम्प्रेस करूनच पाठवतो. संगणकाने तो प्रवाह जसाच्या तसा डिस्कवर उतरवला, तर प्रोसेसरला जवळपास काहीच करावे लागत नाही. काम पडते ते चित्र डिकोड करताना: थेट दृश्य पडद्यावर दाखवताना, हालचाल शोधताना आणि वस्तू ओळखताना. त्याहून जड काम म्हणजे डिकोड केलेले चित्र पुन्हा कॉम्प्रेस करणे. तेव्हा भार मोजायचा तो कॅमेऱ्यांच्या संख्येने नाही, तर दर सेकंदाला किती पिक्सेल डिकोड करावे लागतात या आकड्याने.

उदाहरणादाखल मनीषनगरातील एखादे दुमजली घर घेऊ. फाटक आणि पार्किंग येथे ८ मेगापिक्सेलचे दोन कॅमेरे. जिना, मागची बाजू, बाजूची बोळ आणि गच्ची येथे ४ मेगापिक्सेलचे चार.

४ मेगापिक्सेलचा कॅमेरा २५६० × १४४०, म्हणजे सुमारे ३६.९ लाख पिक्सेलचे चित्र देतो. सेकंदाला १५ फ्रेम धरल्यास ५.५३ कोटी पिक्सेल; अशा चार कॅमेऱ्यांचे २२.१ कोटी. ८ मेगापिक्सेलचा कॅमेरा ३८४० × २१६०, म्हणजे सुमारे ८२.९ लाख पिक्सेल. १५ फ्रेमला १२.४ कोटी, दोघांचे २४.९ कोटी. एकूण भार सेकंदाला सुमारे ४७ कोटी पिक्सेल.

आता हेच सहा कॅमेरे हालचाल शोधण्यासाठी ७०४ × ५७६ ची सब स्ट्रीम सेकंदाला ५ फ्रेमने देत आहेत असे धरू. प्रत्येकी २०.३ लाख, सहांचे मिळून १.२२ कोटी. म्हणजे भार जवळजवळ अडतिसाव्या हिश्शावर आला. फुल एचडी चित्रपट ३० फ्रेमने पाहताना संगणक सेकंदाला ६.२ कोटी पिक्सेल डिकोड करतो. सहा कॅमेऱ्यांवर पहारा ठेवण्याचे काम त्याच्या पाचव्या हिश्शाइतके उरते. प्रोसेसर बदलून जे साधत नाही ते कॅमेऱ्याच्या सेटिंगमधील एका पानावर साधते, आणि तरीही बहुतेक जण आधी पैसे खर्च करून मग त्या पानाकडे वळतात.

तुलनेसाठी आणखी एक आकडा जवळ ठेवावा: ४के (८ मेगापिक्सेल) रेझोल्यूशनची, ६० फ्रेमची एक चित्रफीत म्हणजे सेकंदाला ४९.८ कोटी पिक्सेल. इंटेलच्या सातव्या पिढीपासूनचे अंगभूत ग्राफिक्स अशी चित्रफीत आरामात डिकोड करते. आपली एकूण बेरीज या मापात किती भरते ते पाहावे. वरच्या घराची बेरीज, सगळ्या मेन स्ट्रीम सतत डिकोड केल्या तरी, एका मापाच्या आतच आहे.

या हिशेबात दोन गोष्टी सुटतात. डिकोड केलेली फ्रेम ग्राफिक्सकडून मुख्य मेमरीत आणावी लागते, तेव्हा मेमरीच्या वेगावर ताण येतो. म्हणून ज्या बोर्डवर सोय आहे तिथे १६ जीबीची एकच पट्टी न लावता ८ जीबीच्या दोन लावाव्यात. दुसरी गोष्ट बाहेरून पाहण्याची. मोबाइलवर थेट दृश्य उघडले की काही सॉफ्टवेअर ते दृश्य नव्याने कॉम्प्रेस करून पाठवतात. घरातले तिघे एकाच वेळी सगळे कॅमेरे उघडून बसले, तर शांत पडलेला प्रोसेसर अचानक उसळतो. काही ब्राउझर एच.२६५ थेट दाखवत नाहीत, त्यामुळेही असे रूपांतर करावे लागते. मोबाइलवरून वारंवार पाहणार असाल, तर सब स्ट्रीम एच.२६४ मध्येच ठेवावी.

तपासणी : पुढे जाण्यापूर्वी कागदावर तीन आकडे असले पाहिजेत: मेन स्ट्रीमची बेरीज, सब स्ट्रीमची बेरीज आणि एकाच वेळी पाहणाऱ्यांची जास्तीत जास्त संख्या. पुढील दोन वर्षांत कॅमेरे वाढणार असतील, तर ते आताच यादीत धरावेत.

टप्पा ४ : नावातील अक्षरे वाचणे

या कामात प्रोसेसरच्या गाभ्यांच्या (कोअरच्या) संख्येपेक्षा त्याच्यातले डिकोडिंग इंजिन महत्त्वाचे आहे. इंटेलमध्ये याला क्विक सिंक म्हणतात आणि ते अंगभूत ग्राफिक्सचा भाग असते. ग्राफिक्स नाही तर क्विक सिंकही नाही.

नावाच्या शेवटी 'एफ' असलेला इंटेल प्रोसेसर, जसे आय३-१२१००एफ किंवा आय५-१२४००एफ, अंगभूत ग्राफिक्सशिवाय येतो. तो थोडा स्वस्त असतो आणि गेमिंगचे ग्राहक स्वतंत्र कार्ड लावतातच, म्हणून दुकानांत तोच सर्वांत सहज मिळतो. कॅमेऱ्याच्या संगणकासाठी हमखास होणारी चूक हीच, आणि नंतर ती निस्तरायची तर प्रोसेसर तरी बदलावा लागतो किंवा वीज खाणारे ग्राफिक्स कार्ड तरी वाढवावे लागते. 'के' म्हणजे ओव्हरक्लॉकिंगची मुभा. तिची इथे गरज नाही. 'केएफ' मध्ये ग्राफिक्सही नसते. 'टी' म्हणजे ३५ वॉटचा, कमी वीज घेणारा.

एएमडीचे गणित थोडे वेगळे आहे. रायझनच्या ५००० मालिकेत ५६००जी सारख्या 'जी' अक्षराच्या प्रोसेसरांतच ग्राफिक्स असते, साध्या ५६०० मध्ये नसते. ७००० मालिकेतल्या डेस्कटॉप प्रोसेसरांत, शेवटी 'एफ' असलेले वगळता, लहानसे ग्राफिक्स मिळते. एएमडीचे डिकोडिंग वाईट नाही. पण कॅमेऱ्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये क्विक सिंकचा आधार अधिक जुना आणि रुळलेला आहे. त्यातच इंटेलचे ओपनव्हिनो हे एआय सॉफ्टवेअर वापरून फ्रिगेट वस्तू ओळखण्याचे कामही त्याच ग्राफिक्सवर करू शकते. घरी एएमडीचे यंत्र आधीच असेल तर ते जरूर वापरावे. नवे घेत असाल तर माझे मत इंटेलच्या बाजूने आहे.

पिढीबाबत एवढे लक्षात ठेवले तरी पुरे: एच.२६५ चे हार्डवेअर डिकोडिंग इंटेलच्या सहाव्या पिढीपासून भरवशाचे आहे आणि १०-बिट एच.२६५ चे सातव्या पिढीपासून. त्याआधीच्या चौथ्या पिढीचे कार्यालयीन संगणक जुन्या बाजारात अगदी स्वस्त मिळतात, पण ते एच.२६४ च्या कॅमेऱ्यांपुरतेच चालतील.

सावधान : जुने झिऑन प्रोसेसर आणि एक्स९९ बोर्ड यांचे स्वस्त संच पाहून भुलू नये. गाभे भरपूर असतात हे खरे, पण त्या झिऑनमध्ये अंगभूत ग्राफिक्स नसते, वीज भरमसाट लागते आणि बोर्डच्या वॉरंटीची बोंब असते.

टप्पा ५ : प्रत्यक्ष निवड

चार ते सहा कॅमेरे, तेही २ ते ४ मेगापिक्सेलचे, आणि हालचाल सब स्ट्रीमवर शोधायची असेल, तर इंटेलचा एन१०० पुरतो. जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या या प्रोसेसरात चार गाभे आहेत, त्याचा ठरीव वीजवापर ६ वॉट आहे आणि त्यात क्विक सिंकही आहे. मर्यादा मात्र समजून घ्याव्यात. तो बोर्डवर पक्का बसवलेला येतो, म्हणजे पुढे प्रोसेसर बदलता येत नाही. मेमरी एकाच चॅनेलची असते. आणि बहुतेक मिनी पीसीत साडेतीन इंची हार्ड डिस्क बसायला जागाच नसते. यूएसबीने जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवर कायमचे रेकॉर्डिंग ठेवण्याचा मार्ग मला पसंत नाही: केबलला धक्का लागला की रेकॉर्डिंग थांबते आणि ते थांबले आहे हे चोरी झाल्यावर कळते. एन१०० घ्यायचाच असेल तर साटा पोर्ट (हार्ड डिस्क आतच जोडण्याची जागा) असलेला बोर्ड आणि साधी लहान कॅबिनेट घ्यावी.

सहा ते बारा कॅमेरे, त्यांत काही ४के आणि जोडीला माणूस-वाहन ओळखणे, ही सर्वसाधारण नागपुरी बंगल्याची किंवा लहान सोसायटीची गरज असते. तिच्यासाठी आय३-१२१०० किंवा त्याच घडणीचे १३१०० व १४१०० यांच्यापलीकडे जाण्याचे कारण सहसा नसते. चार गाभे, आठ थ्रेड, यूएचडी ७३० ग्राफिक्स आणि ६० वॉटचा मूळ वीजवापर. सोबत एच६१० चिपसेटचा बोर्ड पुरतो. त्यावर मेमरीच्या दोन पट्ट्या आणि साटाच्या डिस्क लागतात. तेराव्या किंवा चौदाव्या पिढीचा प्रोसेसर घेताना मात्र दुकानदाराकडून बोर्डचे बायोस (बोर्डमधले मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करूनच घ्यावे. जुन्या साठ्यातला बोर्ड नवा प्रोसेसर ओळखत नाही आणि पडदा काळाच राहतो.

याच गरजेसाठी जुन्या बाजारातला पर्याय म्हणजे आठव्या पिढीचा आय५-८५००. सहा गाभे, यूएचडी ६३० ग्राफिक्स, विंडोज ११ ला चालणारा. कंपन्यांतून निघालेल्या अशा संगणकांची लहान कॅबिनेट दिसायला सुबक असते, पण तिच्यात साडेतीन इंची एकच डिस्क मावते आणि वीजपुरवठ्याचा भागही कंपनीच्या खास मापाचा असतो. दोन डिस्क लागणार असतील, तर टॉवर आकाराचाच संगणक मागावा.

बारापेक्षा जास्त कॅमेरे, त्यांतले बरेचसे ४के, आणि भिंतीवरच्या टीव्हीवर सगळ्यांचे थेट दृश्य अखंड ठेवायचे असेल, तर आय५-१२५०० किंवा आय५-१३५०० पाहावा. यांत यूएचडी ७७० ग्राफिक्स असून त्यात डिकोडिंगची दोन इंजिने आहेत. आय५-१२४०० नाव ऐकायला याच्या बरोबरीचे वाटते, पण त्याचे ग्राफिक्स यूएचडी ७३०, म्हणजे आय३ मधलेच एक इंजिनवाले. डिकोडिंगच्या भरवशावर आय३ सोडून १२४०० घेणाऱ्याने वरचे पैसे फक्त दोन गाभ्यांसाठी मोजलेले असतात.

आय७ आणि आय९ यांची इथे गरज नाही. १३व्या व १४व्या पिढीच्या वरच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत व्होल्टेजमुळे अस्थिरतेची तक्रार निघाली होती आणि २०२४ मध्ये इंटेलला त्यासाठी मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची) अद्यतने द्यावी लागली. असा प्रोसेसर आधीच घरात असेल, तर बायोस अद्ययावत केल्याशिवाय तो अखंड कामाला लावू नये.

वस्तू ओळखण्यासाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यावे का, हा प्रश्न नेहमी येतो. घरगुती संख्येच्या कॅमेऱ्यांसाठी बहुधा नाही. आधी कॅमेऱ्याची स्वतःची माणूस-वाहन ओळख वापरून पाहावी, मग ओपनव्हिनो. दोन्ही अपुरे पडले, तरच कार्डाचा विचार करावा.

तपासणी : डिस्कचा हिशेबही याच वेळी करावा, कारण बोर्ड आणि कॅबिनेट त्यावर ठरतात. १ एमबीपीएसचा (सेकंदाला एक मेगाबिट) प्रवाह दिवसाला १०.८ जीबी जागा घेतो. वरच्या घरात ४ मेगापिक्सेलला ४ आणि ८ मेगापिक्सेलला ८ एमबीपीएस धरल्यास एकूण ३२ एमबीपीएस होतात, म्हणजे दिवसाला सुमारे ३४६ जीबी. पंधरा दिवसांना ५.२ टीबी, म्हणून ६ टीबीची सर्व्हेलन्स प्रकारची डिस्क. प्रणाली मात्र वेगळ्या एसएसडीवर ठेवावी.

टप्पा ६ : नागपूरचा उन्हाळा आणि विजेचे बिल

दुकानातल्या एसीत, २५ अंशांवर चाचणी घेऊन प्रोसेसर ६५ अंशांवर स्थिर दिसला, म्हणून निश्चिंत होऊ नये. खोलीचे तापमान जितके वाढते, साधारण तितकेच प्रोसेसरचे वाढते. नवतप्यात (मे अखेरच्या अति उष्ण नऊ दिवसांत) बाहेर ४५ अंश आणि स्लॅबखालच्या बंद खोलीत ४२ असतील, तर तोच प्रोसेसर ८२ वर पोचतो. प्रोसेसर तरीही तगेल, कारण १२व्या पिढीच्या इंटेलची मर्यादा १०० अंश आहे. पण शेजारची हार्ड डिस्क त्याच डब्यात शिजत असते. डिस्क ५० अंशांच्या खाली राहावी असे पाहावे.

त्यामुळे जागेची निवड हाही प्रोसेसर निवडीचाच भाग होतो. गच्चीच्या स्लॅबखालचा सज्जा, जिन्याखालचे बंद कपाट आणि पश्चिमेची भिंत या तीन जागा टाळाव्यात. संगणक तळमजल्यावर, आतल्या खोलीत, जमिनीपासून फूटभर उंच आणि मागे वितभर मोकळी जागा सोडून ठेवावा. कूलरच्या झोतात ठेवण्याची युक्ती अनेक जण करतात. ती करू नये. कूलरचा वारा ओला असतो, त्याच्यासोबत बारीक तुषार आणि क्षार येतात, आणि उन्हाळा संपेपर्यंत पंख्याच्या पात्यांवर व हीटसिंकच्या फटींत धुळीला धरून पांढुरका, चिकट थर बसतो. हा थर ब्लोअरने उडत नाही, ब्रशने खरवडावा लागतो.

दुसरी बाजू बिलाची. चोवीस तास चालणारा प्रत्येक वॉट वर्षाला ८.७६ युनिट खातो. जुना झिऑन आणि एन१०० यांच्यात ६० वॉटचा फरक धरला, तर वर्षाला सुमारे ५२५ युनिट, महिन्याला ४४. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. एप्रिल-मे मध्ये कूलर आणि एसीने बिल आधीच वरच्या टप्प्यात गेलेले असते, म्हणून ही ४४ युनिट सर्वांत महाग दराने पडतात. स्वस्तातला जुना प्रोसेसर महाग पडतो तो असा.

सावधान : प्रोसेसरच्या खोक्यावरचे ६० किंवा ६५ वॉट म्हणजे प्रत्यक्ष वापर नव्हे. आय३-१२१०० क्षणभर ८९ वॉटपर्यंत जाऊ शकतो आणि निवांत असताना त्याच्या कितीतरी खाली असतो. बायोसमध्ये दीर्घ व अल्प मुदतीच्या वीजमर्यादा ४५ किंवा ६० वॉटवर बांधून टाकाव्यात. या कामात वेगाचा फरक जाणवत नाही, उष्णतेचा जाणवतो.

मान्सूनपूर्व वादळात वीज दिवसातून अनेकदा जाते-येते. घरातला इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल, तर वीज बदलताना होणाऱ्या क्षणिक खंडात संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि डिस्कवरील फाइली बिघडतात. इन्व्हर्टरमागचे बटण यूपीएस मोडवर ठेवावे किंवा संगणकासाठी वेगळा यूपीएस घ्यावा. पीओई स्विच (नेटवर्कच्या तारेतूनच कॅमेऱ्यांना वीज देणारा) आणि राउटर त्याच यूपीएसवर असले पाहिजेत. कॅमेरेच बंद असतील तर संगणक जागा राहून काय उपयोग?

टप्पा ७ : खरेदीच्या वेळी

बिलावर प्रोसेसरचे पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरासह, लिहून घ्यावे. 'आय३ बारावी पिढी' एवढ्या मोघम नोंदीवर एफ प्रकार हाती पडतो आणि मग वाद घालायला जागा राहत नाही. खोकाबंद इंटेल प्रोसेसरला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. सुटा मिळणारा प्रोसेसर घ्यायचा असल्यास वॉरंटी कोण देणार, हे बिलावरच यावे. दुकानातून निघण्यापूर्वी बोर्डच्याच एचडीएमआय पोर्टला पडदा जोडून चित्र येते का ते पाहावे: अंगभूत ग्राफिक्स असल्याची ही सर्वांत सोपी खूण.

टप्पा ८ : जोडणीनंतरचा क्रम

१. बायोस अद्ययावत करावे, मग अंगभूत ग्राफिक्स सुरू असल्याची खात्री करावी. स्वतंत्र कार्ड लावलेले असल्यास बरेच बोर्ड अंगभूत ग्राफिक्स आपोआप बंद करतात. ते हाताने पुन्हा सुरू करावे लागते.

२. वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू व्हावे, अशी सोय बायोसमध्ये असते; ती चालू करावी.

३. ग्राफिक्सचा ड्रायव्हर बसवून मगच कॅमेऱ्यांचे सॉफ्टवेअर बसवावे. लिनक्सवर डॉकर वापरताना ग्राफिक्सचे उपकरण कंटेनरला जोडून द्यावे लागते. व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज चालवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की ग्राफिक्स आत पोचवले नाही तर क्विक सिंक दिसतच नाही.

४. कॅमेरे एकेक करून जोडावेत आणि प्रत्येक जोडणीनंतर भार पाहावा. सगळे एकदम जोडले की कोणता कॅमेरा त्रास देतो आहे हे शोधता येत नाही.

५. प्रत्येक कॅमेऱ्याला मेन स्ट्रीम रेकॉर्डिंगसाठी आणि सब स्ट्रीम ओळखीसाठी नेमून द्यावी. तारीख-वेळेची पट्टी कॅमेऱ्यातूनच टाकावी. सॉफ्टवेअरने ती चित्रावर उमटवायची म्हटली, तर संपूर्ण प्रवाह पुन्हा कॉम्प्रेस करावा लागतो आणि आतापर्यंतची सगळी बचत त्यातच जाते.

तपासणी : विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्सच्या पानावर 'व्हिडिओ डिकोड' हा आलेख हलताना दिसला पाहिजे; लिनक्सवर 'इंटेल जीपीयू टॉप' ही आज्ञा तेच दाखवते. आलेख शून्यावर आणि प्रोसेसर ७० टक्क्यांवर असेल, तर डिकोडिंग गाभ्यांवर होते आहे. अशा वेळी नवा प्रोसेसर शोधण्याआधी ड्रायव्हर आणि सॉफ्टवेअरचे सेटिंग तपासावे.

ही पाहणी शांत दुपारी करून थांबू नये. खरा भार पावसाळ्यातल्या रात्री पडतो: इन्फ्रारेडच्या उजेडात काचेसमोर घोंघावणारे किडे, तिरप्या धारा आणि हलणाऱ्या फांद्या प्रत्येक कॅमेऱ्याला हालचाल वाटतात, सगळ्यांचे ओळखीचे काम एकदम सुरू होते आणि अंधारातल्या दाणेदार चित्रामुळे प्रवाहाचा आकारही वाढतो. अशा रात्री सरासरी भार ५० टक्क्यांच्या आत राहिला, तर निवड बरोबर आहे. त्यापुढे गेला, तर आधी हालचालीची क्षेत्रे आखून झाडे आणि रस्ता वगळावा, मग सब स्ट्रीमच्या फ्रेम कमी कराव्यात.

शेवटी सगळे सुरू असताना मुख्य स्विच बंद करावा, यूपीएसवर यंत्र किती मिनिटे टिकते ते घड्याळ लावून मोजावे आणि यूपीएस संपण्याआधी संगणक स्वतःहून नीट बंद होईल असे सेटिंग करावे. मग वीज परत सुरू करून कोणत्याही बटणाला हात न लावता सहाही कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग पुन्हा सुरू झाले का, हे फाइलच्या वेळेवरून पडताळावे.